समुद्राकडे जाताना लहान होणारी नदी

नदीचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक रेघ काढतो. वर डोंगरात ती बारीक असते. खाली येताना तिला उपनद्यांच्या रेघा मिळतात, ती जाड होत जाते आणि समुद्राशी सर्वांत रुंद होते. मुलांच्या वहीतही हेच चित्र उतरते. ते चूक नाही, पण सगळ्या नद्या काही आपल्या फळ्याकडे पाहून वाहत नाहीत.

कावेरीचेच पाहा. तिरुचिरापल्लीला तिच्यावर जो रस्त्याचा पूल आहे, त्याची लांबी अर्ध्या किलोमीटरहून अधिक आहे. तिथून ती पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते आणि पूंपुहार या गावी बंगालच्या उपसागराला मिळते. प्राचीन काळी हे गाव चोळांचे मोठे बंदर होते. आज तिथे जाऊन कावेरीचे मुख शोधू लागलात, तर गावच्या ओढ्यापेक्षा फारसे मोठे नसलेले एक पात्र कोणीतरी बोटाने दाखवते. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा दाखवणाऱ्यालाच पुन्हा विचारले होते, ‘हीच का?’

मग मधल्या वाटेत एवढ्या पाण्याचे होते काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूगोलाच्या तासाचा इतिहासाचा तास होतो, आणि त्या इतिहासात मराठी माणसेही भेटतात.

आधी खोरे पाहू. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, ब्रह्मगिरीच्या डोंगरावर, तलकावेरी येथे नदीचा उगम मानतात. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ५० किलोमीटर आहे. कावेरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि ८०० किलोमीटर चालून दुसऱ्या समुद्राला मिळते. आपल्या मुलांना यात नवल वाटायला नको, कारण महाबळेश्वरची कृष्णा आणि त्र्यंबकेश्वरची गोदावरी तेच करतात. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला आणि द्वीपकल्पाचा उतार पूर्वेकडे, ही तिन्हींची एकच गोष्ट.

खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ८१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडे जास्त. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तमिळनाडूत आहे, चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त कर्नाटकात. केरळचा वाटा साडेतीन टक्के, आणि पुदुच्चेरीच्या कारैक्कालचा नावापुरता. पण क्षेत्रफळावरून पाण्याचा हिशेब करू नये. केरळच्या त्या छोट्याशा तुकड्यात वायनाडचा प्रदेश येतो. तिथे नैऋत्य मोसमी पाऊस अक्षरशः कोसळतो, आणि ते पाणी काबिनी नदी कावेरीला आणून देते. हारंगी, हेमावती, लक्ष्मणतीर्थ या उपनद्याही याच पावसावर पोसलेल्या आहेत. पूर्वेला मैसूरच्या पठारावर उतरताच पाऊस झपाट्याने कमी होतो. शिवनसमुद्रला नदी दोन धबधब्यांनी पठारावरून उडी घेते, पुढे होगेनक्कलच्या खडकांतून वाट काढते. मेट्टूरच्या खाली भवानी, नोय्यल आणि अमरावती मिळाल्या की तमिळनाडूच्या सखल मैदानात तिचा वेग मंदावतो.

आता खोऱ्याचे घड्याळ लक्षात घ्या, कारण पुढची सगळी भांडणे या घड्याळाची आहेत. कोडगू आणि वायनाडमध्ये पाऊस पडतो जून ते सप्टेंबर. तंजावरकडे मुख्य पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. म्हणजे आषाढ-श्रावणात तंजावरचे आभाळ बहुधा कोरडे असते आणि नदी मात्र भरून वाहत असते. आपल्या शेतावर ढग नसताना पाणी यावे, ही तिथल्या शेतकऱ्याला शतकानुशतके मिळालेली देणगी आहे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला, तमिळ घराघरांत नदीच्या पुराचा सण साजरा होतो. पुराचा सण करणारा समाज त्या पाण्यावर किती विसंबून असेल! जून-जुलैत लावायचे कमी मुदतीचे भात, त्याला ‘कुरुवै’ म्हणतात, हे सर्वस्वी या परदेशी पावसावर येते. ‘सांबा’ हे लांब मुदतीचे भात नदीच्या पाण्यावर सुरू होते आणि ईशान्य मोसमी पावसावर पिकते.

दोन भावंडे

तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेला सुमारे १८ किलोमीटरवर मुक्कोंबू नावाची जागा आहे. इथे कावेरी दुभंगते. उत्तरेच्या फाट्याचे नाव कोळ्ळिडम, इंग्रज त्याला ‘कोलेरून’ म्हणत. दक्षिणेचा फाटा कावेरी हेच नाव पुढे चालवतो. दोन्ही फाट्यांच्या मध्ये श्रीरंगमचे बेट आहे, तेच ते रंगनाथाच्या प्रचंड मंदिराचे. सुमारे ३० किलोमीटरनंतर बेटाच्या खालच्या टोकाशी दोन्ही फाटे पुन्हा इतके जवळ येतात की आता मिळणार असे वाटते. मिळत मात्र नाहीत. कोळ्ळिडम ईशान्येला सरळ समुद्राकडे निघून जाते. कावेरी पूर्वेला वळते आणि वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा एकेका फाट्याला पाणी देत देत तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात जिरत जाते. झाडाचा बुंधा जाड आणि शेंडा बारीक असतो, तसे हे चित्र आहे. पूंपुहारला आपण पाहतो तो शेंडा.

पण खरी गंमत दोन फाट्यांच्या पातळीत आहे. कोळ्ळिडमची वाट सरळ, समुद्राकडे जाणारी जवळची, म्हणून तिचा उतार जास्त. बेटाच्या खालच्या टोकाशी तर तिचा तळ कावेरीच्या तळापेक्षा कित्येक फूट खाली आहे. पाण्याला शहाणपण शिकवावे लागत नाही, जास्त उताराची वाट ते आपणहून धरते. उतार जास्त म्हणजे वेग जास्त, वेग जास्त म्हणजे तळ खरवडला जातो, तळ खरवडला की उतार आणखी वाढतो. दुसऱ्या फाट्यात याच्या नेमके उलट घडते. पाणी कमी, वेग कमी, गाळ जास्त, तळ उंच, म्हणून पाणी आणखी कमी. भावंडांपैकी एकाच्या ताटात एकदा जास्त वाढले की पुढे प्रत्येक वेळी जास्तच वाढले जाते, तशातला प्रकार.

हे वर्गात दाखवता येते. एका मोठ्या पसरट ट्रेमध्ये ओली वाळू थापा आणि एक बाजू दोन बोटे उचला. वरून एक चर काढून त्याला दोन फाटे फोडा, एक सरळ आणि एक वळणावळणाचा. झारीने बारीक धार सोडून पाच मिनिटे थांबा. सुरुवातीला पाणी दोन्हींत जाते. हळूहळू सरळ चर खोल होतो आणि वळणाच्या चराच्या तोंडाशी वाळूचा उंबरठा तयार होतो. मग मुलांना सांगा, हा उंबरठा होऊ न देता दोन्ही चर वाहते ठेवा. बोटे, खडे, काड्या घेऊन ती जे काही करू लागतील, ते कावेरीच्या काठी निदान दीड हजार वर्षे चालू आहे.

त्रिभुज प्रदेशातल्या नद्यांचा आणखी एक गुण इथे सांगायला हवा. पूर आला की पाणी काठावरून बाहेर पसरते. पसरताच त्याचा वेग कमी होतो आणि जाडा गाळ काठालगतच पडतो. असे वर्षानुवर्षे झाले की काठ उंच होतात, तळही गाळाने उंच होतो आणि नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा वरून वाहू लागते. आपल्याकडे देशावर नदी खोल दरीत आणि शेत वर, म्हणून मोट लागली, पंप लागले. तंजावरला काठ जरासा फोडला की पाणी आपोआप शेतात उतरते. यापेक्षा सोपे सिंचन नाही, आणि नको त्या ठिकाणी काठ फुटला तर यापेक्षा मोठे संकटही नाही.

कल्लणै

बेटाच्या खालच्या टोकाशी, जिथे कावेरीचे पाणी एका उघड्या वाटेने कोळ्ळिडमच्या सखल पात्रात निसटत असे, तिथे एक दगडी बांध आहे. तमिळमध्ये कल् म्हणजे दगड आणि अणै म्हणजे बांध, म्हणून कल्लणै. लांबी ३२९ मीटर, रुंदी १२ ते १८ मीटर, उंची साडेचार-पाच मीटर. तो सरळ नाही, नागमोडी आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंत्यांनी तपासले तेव्हा आत माती आणि ओबडधोबड दगडांचा गाभा आणि वरून दगडी आच्छादन अशी त्याची रचना आढळली. आज आपण पाहतो ते दरवाजे, कमानी, पूल हे सगळे नंतरचे आहे. जुना बांध त्याच्या पोटात आहे.

तो करिकाल चोळ राजाने बांधला असे सर्वत्र सांगितले जाते. बांधाजवळ हत्तीवर बसलेल्या करिकालाचा पुतळाही आहे. या राजाचा काळ साधारण इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक मानतात. इथे शिक्षकाने थोडे सावध असावे. कित्येक शतकांनंतरच्या ताम्रपटांमध्ये करिकालाने कावेरीचे काठ बांधून काढल्याचा उल्लेख येतो. तो काठ बांधल्याचा आहे, नदीवर आडवा बांध घातल्याचा नाही. म्हणून ‘करिकालाने कावेरी आवरली ही स्मृती जुनी आहे’ एवढे खात्रीने म्हणता येते. बांधाचे वर्ष पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. काम एका राजाने एका वर्षी केले असेलच असेही नाही. असे बांध पिढ्यान् पिढ्या दगड टाकून वाढत जातात.

मला स्वतःला बांधाच्या वयापेक्षा त्याच्या जागेचे जास्त कौतुक वाटते. कावेरी फुटते मुक्कोंबूला, मग बांध तिथे न घालता ३० किलोमीटर खाली का घातला? मुक्कोंबूला पुराचे सगळे पाणी अंगावर येते आणि पात्र भलते रुंद आहे. जुन्या लोकांनी त्या पुराशी कुस्ती खेळली नाही. पूर कोळ्ळिडमने जायचा तो जाऊ दिला. कावेरीत शिरलेले पाणी बेटाच्या शेवटी निसटून जाऊ नये, एवढीच गळती बुजवली. बांध बुटका ठेवला, म्हणजे फारच पाणी आले तर ते बांधावरूनच कोळ्ळिडममध्ये उलटते आणि तंजावर बुडत नाही. कोळ्ळिडम या नावाची एक व्युत्पत्ती ‘सामावून घेणारी जागा’ अशी सांगतात, ती इथे शोभते. या बांधामागे मोठा जलाशय नाही. पाणी साठवण्यासाठी नव्हे, तर त्याची पातळी राखण्यासाठी तो आहे. धरण आणि बंधारा यांतला फरक मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण कुठले? आपल्या धुळे भागात पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांची जात हीच.

मराठे आणि बांधाचा वाद

१६७५-७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ च्या पावसाळ्यात, शिवाजी महाराजांचा तळ तिरुमळवाडीला, कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर पडला होता. व्यंकोजी भावाला भेटायला तिथे आले. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली आणि एका रात्री व्यंकोजी गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. शिवाजी महाराजांनी कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख घेतला, दक्षिणेचा तंजावरकडे राहिला. बखरींत आणि शालेय पुस्तकांत आपण हा प्रसंग वाचतो, पण मधली नदी कोणती हे सहसा कोणी विचारत नाही.

भोसल्यांचे राज्य त्या नदीच्या दक्षिणेला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे टिकले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा भला मोठा मराठी शिलालेख आजही आहे. दरबार, नाटके, सरस्वती महाल ग्रंथालय, हे सारे वैभव ज्या महसुलावर उभे होते तो महसूल भाताचा होता, आणि भात कावेरीच्या पाण्याचे. गोम अशी की ज्या कल्लणैवर हे पाणी टिकून होते तो बांध तंजावरपेक्षा तिरुचिरापल्लीच्या जवळ, आणि तिरुचिरापल्ली होती अर्काटच्या नबाबाकडे. कुलूप एकाच्या दाराला आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

बांध दरवर्षी डागडुजी मागतो. पुरात दगड सरकतात, भगदाडे पडतात. ही दुरुस्ती तंजावरचे राजे आपल्या खर्चाने करत आले होते. १७६४ च्या सुमारास, तुळजाजीराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच, नबाब महंमद अलीने याला हरकत घेतली. जमीन माझी, तेव्हा बांधही माझा, दुरुस्त करायचा तर मी करीन, असे त्याचे म्हणणे. तंजावरला हे मान्य होणे शक्यच नव्हते. ज्याचे एकही शेत या बांधावर भिजत नाही, त्याला तो नीट ठेवण्यात कसले स्वारस्य असणार? आणि दुरुस्ती न करता नुसते स्वस्थ बसणे हेच लढाईचे हत्यार होऊ शकत होते. तंजावर जिंकायला तोफा नकोत, दोन पावसाळे बांधाकडे दुर्लक्ष केले तरी पुरे. प्रकरण मद्रासच्या इंग्रजांकडे गेले. त्यांनी चौकशी केली आणि शेवटी दुरुस्ती तंजावरच्या राजाने करावी असे ठरले.

न्याय तंजावरच्या बाजूने लागला खरा, पण न्याय कोणाकडे मागावा लागला हेही पाहिले पाहिजे. नऊ वर्षांनी, १७७३ मध्ये, त्याच इंग्रजांच्या फौजेने नबाबासाठी तंजावर घेतले, १७७६ मध्ये राजाला परत दिले. १७८१ च्या हैदरअलीच्या स्वारीत सारा त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त झाला. १७९९ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांना राज्याचा कारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला. त्यांच्याकडे राहिला किल्ला आणि तनखा. बांधाची काळजी आता कंपनीची.

वाळूवरचा पाया

कंपनीला महसूल हवा होता, आणि तो घटत चालला होता. ट्रेमधला वाळूचा उंबरठा खऱ्या नदीत तयार होत होता. मुक्कोंबूला कावेरीच्या तोंडाशी गाळ साचत होता, कोळ्ळिडम खोल होत होती. दरवर्षी हजारो मजूर लावून गाळ काढायचा आणि पुढच्या पुरात तो पुन्हा भरायचा. १८०४ साली कॅप्टन काल्डवेलने पाहणी करून कल्लणैची उंची वाढवली. त्याने थोडा फरक पडला, मूळ दुखणे वर होते ते राहिलेच.

त्यावर उपाय केला आर्थर कॉटन या अभियंत्याने. त्याचा जन्म १८०३ चा. १८३६ साली त्याने मुक्कोंबूलाच, कोळ्ळिडमच्या तोंडावर, आडवा बंधारा घातला. हे ‘अप्पर अ‍ॅनिकट’. तमिळ ‘अणैक्कट्टु’ या शब्दाचे हे इंग्रजी रूप पुढे सरकारी कागदांत देशभर रूढ झाले. त्याच वेळी खाली कोळ्ळिडमवर अणैक्करै येथे दुसरा बंधारा घातला, म्हणजे तिकडे गेलेले पाणीही अगदीच वाया जाऊ नये. पण वाळूच्या अथांग पात्रात पाया कशावर घ्यायचा? खडक तर कितीही खणले तरी लागत नाही. हे आपण कल्लणैच्या जुन्या बांधणाऱ्यांकडून शिकलो, असे कॉटनने पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. वाळूत दगड टाकत राहावे. ते रुतत जातात, खाली वाळू खरवडली जाते, आणखी रुततात. एका खोलीला वाळू हलायची थांबते आणि दगड स्थिर होतात. तोच पाया. हीच युक्ती त्याने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर दवळेश्वरमला वापरली. नाशिकहून निघालेल्या नदीच्या मुखाशी जी भातशेती दिसते, तिचे एक मूळ असे कावेरीच्या वाळूत आहे.

कॉटनच्या बंधाऱ्याचे पुढे काय झाले ते पाठ्यपुस्तके सांगत नाहीत, आणि मला तेच सर्वांत शिकवण्याजोगे वाटते. बंधारा फारच यशस्वी झाला! आता पाणी कावेरीत इतके जोरात जाऊ लागले की कावेरीचा तळ खरवडू लागला, काठ ढासळू लागले आणि कोळ्ळिडममध्ये गाळ भरू लागला. आजार तोच, रोगी बदलला. म्हणून १८४३ साली बंधाऱ्याच्या मधल्या भागाची उंची उतरवावी लागली, आणि १८४५ साली कावेरीच्या तोंडाशी तळाच्या पातळीत एक आडवी भिंत घालावी लागली, म्हणजे तळ त्याखाली खरवडला जाऊ नये. कॉटन हुशार होता यात शंका नाही, पण नदीने त्याच्याही वहीत लाल शाईने दुरुस्त्या केल्या. शतकाच्या अखेरीस कल्लणैवर आणि मुक्कोंबूला उघडझाप करता येतील असे दरवाजे आले. स्थिर बांधाने दोन भावंडांचा वाटा कायमचा ठरवता येत नाही, तो दर पुरात नव्याने ठरवावा लागतो, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते.

वरचे आणि खालचे

तंजावर आणि नबाब यांचे भांडण आता नदीच्या वरच्या अंगाला सरकले. मैसूर संस्थानालाही पाणी हवे होते. १८९२ मध्ये मैसूर आणि मद्रास यांच्यात करार झाला. मद्रासच्या संमतीशिवाय मैसूरने नवे मोठे काम करू नये, असा त्याचा मथितार्थ. १९०२ साली शिवनसमुद्रला वीज तयार होऊ लागली आणि तारांवरून सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. उन्हाळ्यात धबधबा सुकला तरी वीज हवी, शेतीलाही पाणी हवे, म्हणून विश्वेश्वरय्या मुख्य अभियंता असताना १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. मद्रासने हरकत घेतली. लवाद झाला, अपील झाले, आणि १९२४ मध्ये पन्नास वर्षांचा करार झाला. मैसूरने आपले धरण पुरे केले, मद्रासने मेट्टूरला दुसरे बांधले. ते १९३४ साली पूर्ण झाले. मेट्टूरची क्षमता सुमारे ९३ टीएमसी आहे, कोयनेच्या १०५ टीएमसीपेक्षा थोडी कमी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.

मेट्टूरने तंजावरच्या घड्याळाची किल्ली बदलली. पूर्वी पाणी कोडगूचा पाऊस आणत असे. आता १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडायचे, अशी प्रथा पडली. धरणात पुरेसे पाणी नसेल त्या वर्षी ती तारीख चुकते आणि कुरुवैचे भात बुडते. शिवाय धरण नुसते पाणी अडवत नाही, गाळही अडवते. ज्या गाळाने त्रिभुज प्रदेश घडवला, तो आता मोठ्या प्रमाणावर जलाशयांत बसतो.

१९७४ मध्ये पन्नास वर्षे पुरी झाली. तोवर कर्नाटकाने हेमावती, हारंगी, काबिनी या उपनद्यांवर धरणे हाती घेतली होती. पुढचा इतिहास वर्तमानपत्रांनी सर्वांना सांगितलेला आहे. १९९० मध्ये न्यायाधिकरण नेमले गेले. १९९१ च्या अंतरिम आदेशानंतर बंगळूर आणि मैसूर भागात दंगली झाल्या. त्यांत माणसे मेली, घरे सोडून हजारो तमिळ कुटुंबे पळाली. २००७ मध्ये अंतिम निवाडा झाला, आणि १६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार केले. एकूण ७४० टीएमसी धरून तमिळनाडूला ४०४.२५, कर्नाटकाला २८४.७५, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७, असे आकडे आहेत. कर्नाटकाच्या वाढीव वाट्यात बंगळूरच्या पिण्याच्या पाण्याचाही विचार झाला. पण आकडे सरासरी वर्षाचे असतात. चांगल्या पावसाच्या वर्षी कोणी भांडत नाही, भांडण तुटीच्या वर्षी होते.

न्यायालयाचा निकाल लागला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोडगू आणि वायनाडमध्ये अफाट पाऊस झाला. सगळी धरणे भरली, कोळ्ळिडम दुथडी वाहू लागली. तिरुचिरापल्लीला तिच्यावरचा जुना, वापरातून काढलेला लोखंडी पूल खचला. आणि २२ ऑगस्टला मुक्कोंबूच्या बंधाऱ्याचे, म्हणजे कॉटनच्या १८३६ च्या जागेवरच्या बांधकामाचे, ४५ पैकी ९ दरवाजे कोसळून वाहून गेले. पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशाकडे अनेकांनी बोट दाखवले. वाळू गेली की तळ खाली जातो, तळ खाली गेला की पाया उघडा पडतो. वाळूवरचा पाया वाळू जागेवर आहे तोवरच पाया असतो. तातडीने पोती आणि दगड टाकून भगदाड बुजवले गेले आणि नंतर तिथे नवा बंधारा बांधण्यात आला. खालचा कल्लणै त्या पुरातही उभा राहिला.

पूंपुहारकडे पुन्हा एकदा येऊ. तिथून जवळ किळैयूर गावी उत्खननात विटांचा एक धक्का सापडला आहे. त्यात होड्या बांधायचे लाकडी खुंटही होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनाऱ्याबाहेरच्या पाण्यात बुडालेले अवशेष शोधले. म्हणजे एके काळी कावेरीचे हे मुख जहाजे नांगरण्याजोगे होते. पुढे समुद्र आत आला, गाळ साचला, आणि पाणी कल्लणैपासून खालच्या शेकडो पाटांत वाटले गेले. २००७ च्या निवाड्यात ७४० टीएमसीचा हिशेब मांडताना पर्यावरणासाठी १० टीएमसी राखून ठेवले आहेत. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आहे. काही केले तरी समुद्रात निसटून जाणारे पाणी, ४ टीएमसी.